‘लायसन नको, पासिंग नको’ : चार्जिंगच्या गाडीचं खरं-खोटं

हिंगोली असो की वसमत, बॅटरीवरच्या दुचाकीच्या दुकानात पाऊल टाकलं की कानावर पडणारं पहिलं वाक्य ठरलेलं : “लायसन नको, पासिंग नको, पेट्रोल नको.” तिन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. पण पहिल्या दोन एका अटीवर उभ्या आहेत, आणि ती अट गिऱ्हाइकाने विचारल्याशिवाय सहसा कुणी सांगत नाही. गाडी घरी येते, पोरगं शाळेला नेतं, आजोबा देवदर्शनाला नेतात, आणि अट कुठली होती हे कळायची वेळ येते ती थेट कुणाला धडक बसल्यावर.

“बॅटरीच्या सगळ्या गाड्यांना सूट आहे”

सूट आहे ती एकाच प्रकाराला. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये त्याची मोजमापं दिलेली आहेत. मोटारची ताकद, म्हणजे सलग अर्धा तास ती देऊ शकेल अशी, २५० वॅटपेक्षा कमी हवी. वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी हवा. बॅटरी सोडून गाडीचं वजन ६० किलोच्या आत हवं. ब्रेक नीट हवेत, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर हवा. आणि हे सगळं पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत चाचणी संस्थेने तपासलेलं हवं. पॅडल मारायच्या ई-सायकलला आणखी एक कलम आहे : वेग २५ कडे जाईल तसा मोटारचा जोर कमी होत होत बंद पडला पाहिजे, आणि पाय थांबले तर त्याआधीच.

एवढं जुळलं तरच ती कायद्याच्या लेखी ‘मोटार वाहन’ नाही. यातली एक अट जरी हुकली, तरी ती इतर कुठल्याही स्कूटीसारखीच स्कूटी. तिला एमएच-३८ ची हिरव्या पाटीवरची पांढरी अक्षरं लागतात, चालवणाऱ्याला लायसन लागतं, विमा लागतो, हेल्मेट लागतं. हे आपल्याकडचंच खूळ आहे असंही नाही. युरोपातही सवलतीची रेघ २५० वॅट आणि ताशी २५ किलोमीटरवरच ओढलेली आहे. तिथे ताशी ४५ ने धावणाऱ्या सायकली मिळतात, पण त्यांना नंबरप्लेट आणि विमा घ्यावा लागतो.

दुकानात विचारायचं ते एवढंच : या मॉडेलचं चाचणी प्रमाणपत्र दाखवा. माहितीपत्रकावर मोटार हजार वॅटची आणि तोंडी ‘लायसन नको’ असं असेल, तर दोन्हीपैकी एक गोष्ट खोटी आहे.

“जरा स्पीड वाढवून घेतला तर काय बिघडतं?”

सगळं इथेच बिघडतं. सीटखालच्या कंट्रोलरमध्ये फेरफार करून २५ ची गाडी ४०-४५ ला नेण्याचे उद्योग राज्यभर होतात. २०२२ मध्ये परिवहन विभागाने अशा गाड्यांविरुद्ध राज्यात मोहीमही उघडली होती. “पंचवीसने गाडी ओढतच नाही” ही तक्रार खरी आहे, पण त्यावरचा हा उपाय आकड्यांत मांडून बघू.

कोरडा डांबरी रस्ता, ब्रेक ठणठणीत. समोर कुणी आलेलं दिसणं आणि बोटं ब्रेकवर आवळली जाणं, यात साधारण एक सेकंद जातो. ताशी २५ ने त्या सेकंदात गाडी ७ मीटर पुढे सरकते. मग ब्रेक लागून आणखी ५ मीटरमध्ये उभी राहते. एकूण १२ मीटर. ताशी ४५ ने जाणारी गाडी त्या एका सेकंदातच साडेबारा मीटर काटते आणि थांबायला आणखी १५-१६ मीटर घेते. एकूण २८ मीटर. आता १२ मीटरवर एखादं लेकरू चेंडूमागे रस्त्यावर आलं असं समजा. पंचवीसचा माणूस त्याच्यापुढे येऊन थांबतो. पंचेचाळीसच्या माणसाचा ब्रेक अजून लागलेलाच नसतो. तो पूर्ण वेगात धडकतो, आणि त्या धडकेत पंचवीसच्या तुलनेत सव्वातीनपट ऊर्जा असते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते.

हा हिशेब स्वच्छ रस्त्याचा आहे. ऑक्टोबरात आपल्याकडे निम्म्या रस्त्यावर सोयाबीन वाळत पडलेलं असतं. त्या दाण्यांवर चाक लॉक झालं की ब्रेक असून नसल्यासारखा. शिवाय २५ च्या गाडीचे ब्रेक, टायर आणि चासी २५ साठीच बनवलेली असते. मेकॅनिक वेग वाढवून देतो, ब्रेक वाढवून देत नाही.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की सरासरी वेग १ टक्क्याने वाढला तर जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो. ‘जरा’ या शब्दाची किंमत तेवढी आहे. देशात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यात दर पाचांतला जवळपास एक पायी चालणारा होता.

“हळू गाडी म्हणजे सुरक्षित गाडी”

गावातल्या गल्लीत, बाजारात, शाळेच्या रस्त्यावर हे बरोबर आहे. अकोला-वाशीमकडून हिंगोली, कळमनुरी, आखाडा बाळापूर करत नांदेडकडे जाणाऱ्या १६१ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गावर मात्र नाही. तिथे मागून ८० ने येणाऱ्या ट्रकच्या नजरेत २५ ची गाडी जवळजवळ उभीच असते. त्या रस्त्यावर ती स्कूटी नाही, सायकलची बहीण आहे. म्हणून तिने सायकलसारखंच वागावं : अगदी डावी कडा, सर्व्हिस रोड असेल तर सर्व्हिस रोड, आणि दिवसासुद्धा मागचा दिवा चालू.

त्याहून वाईट सवय फाट्यावर दिसते. चौपदरी रस्ता झाला, दुभाजकातली वळायची जागा लांब गेली, मग एवढ्याशा अंतरासाठी कोण वळसा घालणार, असं म्हणून माणूस सरळ राँग साइडने निघतो. “मी हळूच चाललोय” हे त्याचं समर्थन. पण समोरून ट्रक ६० ने येत असेल आणि आपण २५ ने, तर दोघं एकमेकांकडे ८५ ने येत असतात. शंभर मीटरचं अंतर सव्वाचार सेकंदांत संपतं. इथे आपला हळूपणा कामाला येत नाही.

सायकलस्वार आणि पायी चालणाऱ्याचे नियमही लोक नेमके उलटे पाळतात. सायकल रहदारीच्या दिशेने, डाव्या कडेने. पायी चालणारा, फुटपाथ नसेल तिथे, उजव्या कडेने, म्हणजे समोरून येणारी गाडी त्याला दिसते. शेगावहून पंढरपूरला जाणारी गजानन महाराजांची पालखी सेनगाव, नर्सी, औंढ्याच्या बाजूने जाते, श्रावणात नागनाथाला पायी जाणाऱ्यांची रीघ लागते. त्यातली कितीतरी माणसं भल्या पहाटे रस्त्यावर असतात. त्या अंधारात पिशवीला चिकटवलेली रिफ्लेक्टरची पट्टी हेडलाइटच्या उजेडात लांबूनच चमकते. दहा-वीस रुपयांचा मामला आहे.

“आवाज नाही, त्रास नाही”

कानाला त्रास नाही, खरं आहे. पण रस्ता ओलांडताना आपण डोळ्यांइतकाच कानांवर भरवसा ठेवतो, हे आवाज गेल्यावरच लक्षात येतं. ब्रिटनमधल्या २०१३ ते २०१७ च्या अपघातांचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड मोटारींनी पादचाऱ्यांना धडक देण्याचं प्रमाण, धावलेल्या अंतराच्या हिशेबात, पेट्रोल-डिझेल मोटारींच्या दुप्पट निघालं, आणि ते जास्त करून शहरी रस्त्यांवर. तो अभ्यास मोटारींचा आहे, दुचाकींचा नव्हे. पण कारण दोघींना लागू पडतं : वेग कमी असताना टायरचाही आवाज होत नाही.

सात मीटर रुंद रस्ता ओलांडायला धडधाकट माणसाला सहा सेकंद लागतात, म्हातारीला आठ. सहा सेकंदांत २५ ची गाडी ४२ मीटर येते, ४५ ची ७५ मीटर. दोन्ही गाड्या दिसायला एकसारख्या आणि दोन्ही मुक्या. आजीने ‘लांब आहे’ म्हणून पाय टाकला तर चूक तिची कशी म्हणायची? मानव विकास कार्यक्रमातून सायकल मिळालेल्या आठवी ते बारावीच्या मुली दोघी-तिघी जोडीने बोलत शाळेला जातात. त्यांच्या बाजूने बिनआवाजी गाडी झपकन गेली की सायकल डगमगते. त्यांना मागे टाकण्याआधी हॉर्नची एक छोटी टिचकी द्यावी आणि मध्ये हातभर तरी अंतर ठेवावं. कानाशी जाऊन ठणाणा वाजवला तर मुलगी दचकून नेमकी मध्ये येते.

“पंचवीसला हेल्मेट कशाला?”

२५ च्या आतल्या सवलतीच्या गाडीला हेल्मेटची कायदेशीर सक्ती नाही, इथवर बरोबर. पण नुसतं उभ्या जागी दीड मीटरवरून डोकं खाली आलं तरी ते जमिनीवर ताशी १९-२० किलोमीटरने आदळतं. गाडीचा वेग त्यात धरलेलाच नाही. आयएसआयचं हेल्मेट घ्या आणि पट्टा लावा, बाकी यात चर्चेसारखं काही नाही.

“लायसनच नाही, मग केस कसली?”

हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ बेदरकारपणे ‘कोणतंही वाहन’ चालवण्याबद्दल आहे. त्याला लायसन लागतं की नाही, हा प्रश्न तिथे येत नाही. निष्काळजीपणाने जीव गेला तर कलम १०६, पाच वर्षांपर्यंत कैद. हे अगदी नियमात बसणाऱ्या गाडीलाही लागू आहे.

गाडीत फेरफार केलेला असेल तर पुढची साखळी सुरू होते. सूट गेली, म्हणजे ती आजवर बिनपासिंगची, बिनविम्याची मोटारसायकल होती असा अर्थ निघतो. मोटार वाहन कायद्याखाली फेरफाराचा गुन्हा वेगळा, नोंदणी नसल्याचा वेगळा, लायसन नसल्याचा वेगळा. आणि चालवणारा अठराच्या आतला असेल तर कलम १९९-अ पालकांच्या दारात येतं : तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजारांचा दंड, आणि मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन नाही. दहावीच्या पोराला हौसेने ‘स्पीड खोललेली’ गाडी देणाऱ्या बापाला यातलं काहीच ठाऊक नसतं.

आता ज्याला धडक बसली त्याची बाजू. नेहमीच्या मोटारसायकलने उडवलं तर थर्ड पार्टी विमा असतो, आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातून भरपाई विमा कंपनीकडून मिळते. सवलतीच्या गाडीला विमाच सक्तीचा नाही. जखमी माणसाला दिवाणी दावा लावून चालवणाऱ्याच्या मागे फिरावं लागतं. पाय मोडून घरी पडलेल्या शेतमजुराने ते करायचं म्हणजे अवघडच. कायद्यातली ही फट बुजवायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. तोवर स्वतःहून जबाबदारीचा विमा मिळत असेल तर तो घेण्यात शहाणपण आहे.

फेरफार केलेल्या गाडीचं तसं नाही. ती मोटार वाहन ठरते, दावा न्यायाधिकरणात जातो, आणि विमा कंपनीच नसल्याने निकालाची रक्कम मालकाने स्वतः भरायची असते. नाही भरली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १७४ प्रमाणे न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांना वसुलीचं प्रमाणपत्र देतं, आणि ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. शेतकऱ्याच्या भाषेत, सातबाऱ्यावर बोजा.