भूमध्य समुद्राचा हंगाम आणि धायरीची सुट्टी

शाळेतल्या इतिहासामुळे मराठी माणसाला भूमध्य समुद्रावरचं एक गाव लहानपणीच कळतं: मार्सेय. ८ जुलै १९१० रोजी ‘मोरिया’ बोटीतून सावरकरांनी उडी घेतली ते बंदर. त्या काळच्या इतर प्रवाशांना मात्र हे मुक्कामाचं गाव नव्हतं. मुंबईची बोट सुवेझमार्गे तिथे लागली, की इंग्लंडला जाणारे घाईतले लोक उतरून आगगाडीने उत्तरेकडे निघत. काही दिवस वाचत आणि बिस्केच्या उपसागरातल्या लाटाही चुकत. पुढे १९८४मध्ये केसरी ही सहल कंपनी आली, २०१३मध्ये वीणा वर्ल्ड. परदेशात वरणभात मिळू लागला. तरी पॅरिस, स्वित्झर्लंड आणि रोम यांच्या धावपळीत हा समुद्र मिळाला तर बसच्या खिडकीतूनच.

पुण्याच्या धायरीसारख्या उपनगरातलं कुटुंब आता ‘एकाच गावी आठवडाभर राहू’ असं म्हणू लागलं, तर तो बेत मला जास्त शहाणपणाचा वाटतो. समुद्रकाठची ही गावं बघण्यासाठी नाहीत, राहण्यासाठी आहेत. फक्त त्यांचा हंगाम आणि आपली सुट्टी यांचं गणित जुळवावं लागतं, आणि खरी मेख तिथेच आहे.

उदाहरणादाखल फ्रान्सचं नीस घेऊ. हे गाव १८६०पर्यंत फ्रान्सचं नव्हतंच, सार्डिनियाच्या राज्यात होतं. त्याला नाव मिळालं ते हिवाळ्यामुळे. थंडीने गारठलेले श्रीमंत इंग्रज इथे ऊन खायला येत. समुद्रालगतचा प्रसिद्ध फिरण्याचा रस्ता त्यांच्याच पुढाकाराने १८२०च्या दशकात सुरू झाला आणि त्याचं नावही इंग्रजांवरूनच पडलं. १८९५ ते १८९९ या वर्षांत व्हिक्टोरिया राणी इथल्या सिमिए टेकडीवर मुक्कामाला येत होती. म्हणजे टिळकांवर पहिला राजद्रोहाचा खटला चालला, त्या १८९७ साली त्यांच्याविरुद्ध ज्या राणीच्या नावाने सरकार उभं होतं, ती इथे हवा खात होती! २०२१मध्ये युनेस्कोने नीसला जागतिक वारशात घेतलं तेही ‘हिवाळी विश्रांतीचं शहर’ म्हणूनच. उन्हाळ्यात समुद्रात डुंबण्याची फॅशन पहिल्या महायुद्धानंतरची. १९३६च्या कायद्याने फ्रेंच कामगाराला दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली आणि हळूहळू किनारा सर्वांचा झाला. आज ऑगस्टमध्ये निम्मा फ्रान्स सुट्टीवर असतो. तेव्हा खोल्या महाग आणि किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नाही.

आपला ऑगस्ट तसाही शाळेचा. दिवाळीची सुट्टी मोहात पाडते, पण ऑक्टोबर-नोव्हेंबर हे नीसचे सर्वांत पावसाळी महिने, आणि ग्रीसच्या लहान बेटांवर तर ऑक्टोबर सरता सरता हॉटेलांची दारं बंद होऊ लागतात. मे महिन्यात हवा सुरेख, पण पाणी सतरा-अठरा अंशांचं. कोकणात पोहलेल्या पोरांचे दात वाजतील. राज्य मंडळाच्या शाळा साधारण जूनच्या मध्याला उघडतात. म्हणून जूनचा पहिला पंधरवडा गाठावा. पाणी वीस-एकवीस अंशांवर आलेलं असतं आणि तिथल्या शाळा अजून सुटलेल्या नसतात. आपल्याकडे पाऊस येण्याच्या वेळी तिथे कोरडा उन्हाळा सुरू होतो, हा हिशेबही आपल्या सोयीचाच. सीबीएसईवाल्यांचं वेळापत्रक निराळं, त्यांनी आपलं आपण बघावं.

जूनला निघायचं तर व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, म्हणजे डिसेंबरपासून. एप्रिल-मेपर्यंत थांबलात तर भेटीची वेळ मिळवतानाच जीव मेटाकुटीला येतो. जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा, हा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या सामाईक व्हिसाचा नियम. जून २०२४पासून मोठ्यांचं शुल्क ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या आतल्या मुलांचं ४५, त्याहून लहानांना माफ. आईवडील, चौदा वर्षांचा मुलगा आणि दहा वर्षांची मुलगी मिळून ३१५ युरो. अर्ज घेणाऱ्या केंद्राचा सेवाखर्च वेगळा. विमा किमान ३० हजार युरोंचा हवा. पुण्यात हे अर्ज घेणाऱ्या व्हीएफएस कंपनीचं केंद्र असल्याने त्यासाठी मुंबईची फेरी पडत नाही. विमानासाठी मात्र बहुतेकदा मुंबई गाठावी लागते. धायरी फाट्यावरून निघताना नवले पुलाच्या गर्दीसाठी तासभर हाताशी ठेवलेला बरा.

राहायला स्वयंपाकघर असलेली भाड्याची जागा घ्यावी. कुकर न्यावा की नाही यावर घरोघरी वाद होतील. मी नेण्याच्या बाजूचा. नीसचा भाजीबाजार कूर सालेया चौकात भरतो, सोमवारी मात्र तिथे जुन्या वस्तूंचे ठेले असतात. शाकाहारी मंडळींसाठी नीसची ‘सोका’ आहे: हरभऱ्याचं पीठ, पाणी आणि ऑलिव्ह तेल कालवून लाकडाच्या भट्टीत भल्या मोठ्या तांब्याच्या परातीत भाजलेलं धिरडंच. वरून मिरपूड. नीसचं म्हणून जे सॅलड मिळतं त्यात बहुधा मासा असतो, तेव्हा आधी विचारावं.

भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. कोकणासारखं ‘पाणी कधी उतरेल’ बघत बसावं लागत नाही. पण नीसचा किनारा गोट्यांचा आहे आणि पाणी दोन पावलांत खोल होतं. पाण्यात चालतील अशा चपला न्याव्या. मुलांना वाळूचा किल्लाच करायचा असेल, तर किनाऱ्याकडेने धावणाऱ्या रेल्वेने काही मिनिटांवरचं व्हिलफ्रांश किंवा थोडं लांबचं कान हे गाव गाठावं.