सभासद आहात, पण मतदार?

वाचनालय असो की शिक्षण मंडळ, सर्वसाधारण सभेत निवडणूक लागली की गल्लोगल्ली कायदेपंडित उगवतात. त्यांचं पहिलं ठाम मत: "वर्गणी राहिली म्हणून काय झालं, सभासद तर आहे ना!" संस्था नोंदणी अधिनियम, 1860 मधलं कलम 15 नेमकं उलट सांगतं. वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकली असेल, तर मताचा हक्क नाही आणि सभासद म्हणून गणतीही नाही. खरी मारामारी इथेच होते. विरोधी गटाची वर्गणी घ्यायला गेलं की पावतीपुस्तक सापडत नाही; आपल्या माणसांच्या पावत्या मात्र एकगठ्ठा फाडल्या जातात. म्हणून सभेच्या दिवशी मतपेटीवर पहारा देण्यापेक्षा वर्गणी भरायची शेवटची तारीख कोणती, यादी कधी लागली आणि हरकतींना मुदत किती दिली, हे आधी विचारावं.

गुप्त मतदान झालं नाही तर निवडणूक आपोआप रद्द, हाही एक लाडका समज. या कायद्यात तशी सक्ती नाही. हात वर करायचे की चिठ्ठ्या टाकायच्या, हे संस्थेची नोंदलेली नियमावली ठरवते. पदाधिकारी ती दाखवत नसले तरी अडत नाही: कलम 19 नुसार निबंधकाकडे दाखल झालेले कागद कोणालाही फी भरून पाहता येतात. (मूळ कायद्यात ही फी एक रुपया, आणि नकलेला शंभर शब्दांमागे दोन आणे!)

'सार्वजनिक' न्यास म्हणजे सगळ्यांना मत, असंही नाही. कित्येक न्यासांना सभासदच नसतात. विश्वस्त कसे नेमायचे ते न्यासपत्रात किंवा योजनेत लिहिलेलं असतं.

धर्मादाय आयुक्त निवडणूक घेतात, हे तर सर्रास ऐकू येतं. एरवी ती संस्थाच घेते. राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरणाचाही इथे संबंध नाही, ते सहकारी संस्थांसाठी. महाराष्ट्रात धर्मादाय कार्यालयाचं काम बहुधा निकालानंतर सुरू होतं: 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 22 खाली 90 दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो, ज्याला सगळे 'चेंज रिपोर्ट' म्हणतात. त्यावर हरकत घेता येते. मात्र 'अन्याय झाला' एवढं लिहून भागत नाही. नोटीस कोणाला पोचली नाही, कोणाचं नाव कशामुळे गळलं, हे पावतीनिशी दाखवावं लागतं.