सनदेनंतरचा अभ्यास

३० जून २०२४ ची मध्यरात्र उलटली आणि फौजदारी वकिलांच्या तोंडी बसलेल्या आकड्यांचे अर्थ बदलले. तोवर कलम ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार. गुन्हाच रद्द करा, असं मागायचं तर अर्ज ४८२ खाली व्हायचा. १ जुलैपासून ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, आणि अंगभूत अधिकार गेले ५२८ मध्ये. १४४ म्हटलं की जमावबंदी, हे तर शाळकरी पोरांनाही ठाऊक होतं. नव्या संहितेतलं १४४ बायको, मुलं आणि आईवडिलांच्या पोटगीचं आहे. खुनाचं ३०२ आता १०३ झालं, आणि आजच्या ३०२ खाली धार्मिक भावना दुखावणाऱ्या शब्दांबद्दल शिक्षा होते.

भारतीय दंड संहिता १८६० ची, पुरावा कायदा १८७२ चा, फौजदारी प्रक्रिया संहिता १९७३ ची. या तिन्हींच्या जागी भारतीय न्याय संहिता, भारतीय साक्ष्य अधिनियम आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली २५ डिसेंबर २०२३ रोजी आणि अंमल सुरू झाला सहा महिन्यांनी. तीस-तीस वर्षं कोर्टात उभे राहिलेले वकील त्या सहा महिन्यांत बेअर अ‍ॅक्ट आणि जुन्या-नव्या कलमांचे तक्ते घेऊन पुन्हा विद्यार्थी झाले.

जुने कायदे पाठीवरून उतरले, असंही झालं नाही. गुन्हा १ जुलै २०२४ पूर्वी घडला असेल तर शिक्षा जुन्या दंड संहितेप्रमाणेच होणार. घडलेल्या कृत्याला नंतर आलेल्या कायद्याने शिक्षा देता येत नाही, हे संविधानाच्या विसाव्या अनुच्छेदाचं बंधन आहे. त्या दिवशी जे खटले सुरू होते तेही जुन्या प्रक्रियेनेच चालत राहिले. त्यामुळे जिल्हा न्यायालयातला वकील सकाळी जुन्या कायद्याखाली उलटतपासणी घेतो आणि दुपारी नव्या कायद्याखाली रिमांडला विरोध करतो. पुढची कितीतरी वर्षं त्याला सहाही कायदे डोक्यात ठेवावे लागणार आहेत.

आकडे पाठ करणं त्यातल्या त्यात सोपं. खरी परीक्षा मजकूर बदलला आहे तिथे आहे. पोलीस कोठडीचंच बघा. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९२ मधल्या अनुपम कुलकर्णी निकालापासून एक हिशेब पक्का होता: पहिल्या रिमांडपासून पंधरा दिवस उलटले की त्या गुन्ह्यात पोलीस कोठडी संपली. त्यानंतर न्यायालयीन कोठडी, आणि वकील निर्धास्तपणे जामिनाच्या तयारीला लागायचा. नव्या संहितेच्या कलम १८७ मध्ये दिवस पंधराच आहेत, पण ते सलग असण्याची गरज नाही. गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत ते तुकड्या-तुकड्यांनीही मागता येतात. आरोपी न्यायालयीन कोठडीत गेला म्हणून पोलिसांचा प्रश्न मिटला, असं आज कुठलाच वकील अशिलाला सांगू शकत नाही. जामिनाचा अर्ज कधी करायचा, याचं सगळं गणितच बदललं.

कायद्यातला काही बदल आरोपीच्या बाजूचाही आहे. कलम ४७९ नुसार पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याने संभाव्य कमाल शिक्षेच्या एकतृतीयांश काळ तुरुंगात काढला, तर तो सुटकेला पात्र ठरतो. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ही सवलत नाही. ज्याच्यावर एकाहून अधिक खटले आहेत, त्यालाही नाही. हे कलम जुन्या खटल्यांतल्या कैद्यांनाही लागू होतं, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलं. पण हा हिशेब मांडून अर्ज करणारं कुणीतरी लागतं. वकिलाला कलमच ठाऊक नसेल, तर कैदी आतच राहतो.

पुराव्याच्या बाजूला याहून मोठी उलथापालथ आहे. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाणं नव्या कायद्याला अपेक्षित आहे. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करायचं आहे. एकेकाळी पंचनाम्यातल्या वेळा, पंचांच्या सह्या आणि मुद्देमालाच्या लाखेवर उलटतपासणी उभी राहायची. आता वकिलाला मोबाइलमधली व्हिडिओ फाइलही वाचता यायला हवी. ती कोणत्या उपकरणावर घेतली, कुणाच्या ताब्यात होती, तिची प्रत कधी काढली, हे विचारता यायला हवं.

या विषयातला सर्वाधिक उद्धृत होणारा निकाल मराठवाड्यातून गेलेला आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघात अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. कैलास गोरंट्याल यांनी निवडणुकीला आव्हान दिलं. खोतकरांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनची मुदत टळल्यावर दाखल झाला, हा त्यांचा एक मुद्दा, आणि त्यासाठी आधार निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रीकरणाचा. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ब चं प्रमाणपत्र लागतं. ते वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी दिलं नाही. हा वाद सर्वोच्च न्यायालयात पोहोचला आणि जुलै २०२० मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने नियम पक्का केला: मूळ उपकरणच कोर्टात हजर केलं नसेल, तर प्रमाणपत्र अनिवार्य. पक्षकाराने सगळे प्रयत्न करूनही ते मिळालं नाही, तर कोर्टाकडून ते मागवून घेण्याचा मार्ग आहे. निवडणुकीच्या तंट्यात घडलेला हा नियम सीसीटीव्ही आणि व्हॉट्सअ‍ॅपवर उभ्या असलेल्या प्रत्येक फौजदारी खटल्याला लागू झाला.

वकिलांनी तो पचवला न पचवला तोच साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आलं. आता प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. एक उपकरण सांभाळणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. दोन्हींत फाइलची ‘हॅश व्हॅल्यू’ लिहायची. हॅश हा फाइलचा अंगठ्याचा ठसा समजावा: चित्रफितीत एका अक्षराएवढाही फेरफार झाला की ठसा जुळत नाही. जप्तीच्या वेळचा आणि कोर्टात दिलेल्या प्रतीचा हॅश ताडून बघणं हे यापुढे वकिलाचं रोजचं काम आहे. एलएलबीच्या वर्गात हे ज्यांनी कधी ऐकलं नाही, अशा वकिलांची संख्या अर्थातच मोठी आहे.

कायदा संसदेत बदलतो, तसा निकालांतूनही बदलतो, आणि तो वेग जास्त आहे. अटकेची कारणं आरोपीला लेखी द्यायला हवीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये मनी लाँडरिंगच्या खटल्यांपुरतं सांगितलं. २०२४ मध्ये तेच दहशतवादविरोधी यूएपीए कायद्याखालच्या अटकांना लावलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबईतल्या एका अपघात प्रकरणाच्या निमित्ताने नियम सगळ्या गुन्ह्यांपर्यंत पोहोचला: कारणं लेखी हवीत, आरोपीला समजणाऱ्या भाषेत हवीत, आणि लगेच देणं शक्य नसेल तर रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी. दोन-अडीच वर्षांत झालेला हा बदल ज्या वकिलाने वाचला नाही, तो रिमांडच्या सुनावणीत अशिलाचा सगळ्यात भक्कम मुद्दा उचलतच नाही.

मग हे शिकवतं कोण?

न्यायाधीशांसाठी भाईंदरजवळ उत्तनला महाराष्ट्र न्यायिक अकादमी आहे, भोपाळला राष्ट्रीय अकादमी आहे. पोलीस अधिकाऱ्यांसाठी नाशिकची महाराष्ट्र पोलीस अकादमी आहे. खटल्यातला तिसरा घटक, म्हणजे आरोपीचा वकील, मात्र आपापल्या वकुबावर सोडलेला आहे. १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टखाली एकदा सनद मिळाली आणि अखिल भारतीय बार परीक्षा एकदा उत्तीर्ण झाली, की पुढे चाळीस वर्षं काहीही नवं शिकल्याचा दाखला त्याच्याकडे कुणी मागत नाही. सनदी लेखापालाला तीन वर्षांत १२० तासांचं शिक्षण पूर्ण करावं लागतं. महाराष्ट्रातल्या डॉक्टरला दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करताना ३० क्रेडिट पॉइंट दाखवावे लागतात. ज्याच्या चुकीने माणूस तुरुंगात जाऊ शकतो, त्या व्यावसायिकाला असं कसलंही बंधन नाही.

काहीच होत नाही, असं नाही. बार असोसिएशनची व्याख्यानं होतात. कोचीला केरळ बार कौन्सिलची एम. के. नंबियार अकादमी खास याच कामासाठी आहे. सिनिअरच्या चेंबरमध्ये जुनिअर घडतो, ही परंपरा आजही सर्वांत भक्कम शाळा आहे. पण चांगला सिनिअर मिळणं ओळखीवर आणि नशिबावर अवलंबून असतं. आणि सिनिअर स्वतःच जुन्या कलमांवर थांबला असेल, तर जुनिअरही तिथेच थांबतो.

याची किंमत काय असते, ते सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांत नोंदलेलं आहे. दिल्लीच्या छावला भागातल्या तरुणीवरील अत्याचार आणि खून प्रकरणात खालच्या न्यायालयाने तिघांना फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिघांना सोडलं. सरकार पक्षाच्या ४९ साक्षीदारांपैकी दहा महत्त्वाच्या साक्षीदारांची उलटतपासणीच झाली नव्हती आणि इतर अनेकांची पुरेशी झाली नव्हती, अशी नोंद निकालात आहे. डीएनए अहवालामागची पद्धत विश्वासार्हपणे वापरली का, हेही दोन्ही न्यायालयांनी तपासलं नव्हतं. उलटतपासणी वेळेवर आणि नीट झाली असती, तर अहवालातली खोट किंवा खरेपणा पहिल्याच न्यायालयात दिसला असता. ते न झाल्याने आरोपींनी वर्षं फाशीच्या छायेत काढली आणि मुलीच्या आईवडिलांना शेवटी हाती काहीच लागलं नाही.

मध्य प्रदेशातल्या खंडव्याचा खटला २०१३ चा. आरोपीला मोफत वकील मिळाला त्याच दिवशी आरोप निश्चित झाले आणि पंधरवड्याच्या आत फाशी सुनावली गेली. डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द करून फेरसुनावणीचा आदेश दिला आणि दंडक घातला: फाशी किंवा जन्मठेप होऊ शकते अशा खटल्यात किमान दहा वर्षांचा अनुभव असलेलाच वकील नेमावा, तयारीला साधारणपणे किमान सात दिवस द्यावेत. तो आरोपी २०२४ मध्ये निर्दोष सुटला. आरोपींना मोफत वकील पुरवणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या लोक अभिरक्षक योजनेतही मुख्य अभिरक्षकाला फौजदारी कामाचा दहा वर्षांचा अनुभव लागतो. पण अनुभव म्हणजे अद्ययावत ज्ञान, हे दोन्हीकडे गृहीतच धरलेलं आहे.

बाहेरच्या देशांनी हा प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेने हाताळला. अमेरिकेत मिनेसोटा आणि आयोवा या राज्यांनी १९७५ मध्येच वकिलांना सक्तीचं शिक्षण लावलं. न्यूयॉर्कमध्ये आज दोन वर्षांत २४ तास लागतात. जर्मनीत ‘फौजदारी कायद्याचा तज्ज्ञ वकील’ अशी पाटी लावायची तर १२० तासांचा अभ्यासक्रम, ठरावीक संख्येने चालवलेले खटले, आणि त्यानंतर दरवर्षी १५ तासांचं शिक्षण. ते चुकलं तर पाटी जाऊ शकते. इंग्लंडने मात्र सॉलिसिटरांसाठी वर्षाला १६ तासांची सक्ती नोव्हेंबर २०१६ मध्ये उठवली. तास भरले म्हणजे शिक्षण झालं असं नाही, हे तिथे कळून चुकलं होतं. आता वकिलाने आपल्या कामातल्या उणिवा स्वतः शोधायच्या, त्या भरून काढायच्या आणि तसं लेखी जाहीर करायचं.

आपल्याकडे इंग्लंडचा धडा आधीच गिरवलेला बरा. तासांची नुसती सक्ती केली, तर हजेरीपटावर सही, चहा-बिस्किटं आणि प्रमाणपत्र एवढ्यावरच काम भागवलं जाईल. फौजदारी वकिलाला भाषणांपेक्षा सराव हवा. उदाहरणार्थ, बाललैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्यात बालकाला वकील थेट प्रश्न विचारू शकत नाही. तो प्रश्न न्यायाधीशांकडे देतो आणि न्यायाधीश ते विचारतात. सहा वर्षांच्या मुलीला कळेल, तिला घाबरवणार नाही आणि तरीही आरोपीचा बचाव पुढे नेईल, असा प्रश्न कागदावर लिहिणं हे कसब आहे. ते अभिरूप न्यायालयात करून बघितल्याशिवाय येत नाही. डीएनए अहवाल समोर ठेवून तज्ज्ञाची उलटतपासणी, हॅश ताडून बघणं, कलम ४७९ चा अर्ज लिहिणं, सगळ्याला हेच लागू आहे.

आणि हे मराठीत हवं. राज्यातल्या कनिष्ठ न्यायालयांची भाषा १९९८ पासून मराठी आहे. साक्ष मराठीत होते, पंचनामे मराठीत असतात. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल २०२३ पासून ई-एससीआर पोर्टलवर फुकट वाचता येतात, त्यांतले अनेक मराठीतही येऊ लागले आहेत. साहित्य आहे. ते घेऊन तालुक्याच्या बार रूमपर्यंत जाणारी यंत्रणा नाही. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलने प्रत्येक जिल्ह्यात वर्षातले चार शनिवार जरी या कामाला दिले, आणि मोफत विधी साहाय्याच्या यादीतल्या वकिलांपासून सक्ती सुरू केली, तरी मोठा पल्ला गाठता येईल.

तोवर सावध राहण्याची थोडी जबाबदारी अशिलावरही येते. घरातल्या कुणाला अटक झाली, तर वकिलाला तीन प्रश्न जरूर विचारावेत: अटकेची कारणं लेखी मिळाली का, गुन्ह्याची तारीख बघता कोणता कायदा लागू होतो, आणि पोलिसांच्या चित्रीकरणाचं प्रमाणपत्र व हॅश तपासला का. चांगला वकील या प्रश्नांनी रागावणार नाही. वकिलाची फी परवडत नसेल, तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातच विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. कोठडीत असलेल्या प्रत्येकाला, त्याचं उत्पन्न कितीही असलं तरी, तिथे मोफत वकील मागण्याचा हक्क आहे.