जुनी चेन, नवं घड्याळ

घड्याळ आधी थकतं, चेन मागं राहते. बऱ्याच घरांतल्या कपाटात, औषधांच्या रिकाम्या डब्यात किंवा शिवणाच्या पेटीत अशी एखादी स्टीलची चेन सापडेल. तिचं घड्याळ बहुधा एचएमटीचं असतं. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं 1961 साली बंगळूरला हा घड्याळांचा उद्योग उभा राहिला. लग्नात जावयाला आणि निवृत्तीच्या दिवशी कर्मचाऱ्याला एचएमटी द्यायचं, ही पुढं कित्येक वर्षं रीतच होती. 2016 च्या जानेवारीत केंद्र सरकारनं ती घड्याळ कंपनी बंद करायचं ठरवलं. त्याच्या किती तरी आधीपासून सुटे भाग शोधत फिरायची वेळ लोकांवर आलेली होती. घड्याळ बंद पडलं की ते कपाटात जायचं, आणि त्याच्याबरोबर धडधाकट चेनसुद्धा.

ही चेन आजच्या घड्याळाला बसेल का, असं मला अलीकडे दोघा-तिघांनी विचारलं. कारण माझ्या मनगटावर असाच एक जोड आहे. घड्याळ लेकीनं पहिल्या पगारातून घेतलेलं, आणि चेन माझ्या अब्बांची. अब्बा सोलापूरला मिलमध्ये जॉबर होते. मला दोन्ही वस्तू हातावर हव्या होत्या, एक घालून दुसरी पेटीत ठेवायची नव्हती.

चेन बसते, पण आधी मोजमाप करावं लागतं. घड्याळाच्या वर आणि खाली दोन-दोन कान असतात. त्या दोन कानांमधलं आतलं अंतर हे पहिलं माप. जुन्या मर्दानी घड्याळांत ते बहुधा 16 ते 18 मिलिमीटर असायचं. आजची घड्याळं अंगानं वाढली आहेत. तबकडीची पूर्वीची केस 33 ते 36 मिलिमीटर व्यासाची असे, आता 40 ही नेहमीची गोष्ट झाली, आणि कानांतलं अंतर 20 किंवा 22. हे माप पट्टीनं घेऊ नये. अर्ध्या मिलिमीटरचा फरकही इथं नडतो, म्हणून व्हर्नियर वापरावा. परदेशातून आलेल्या काही चेन इंचांत असतात. पाऊण इंच म्हणजे 19 मिलिमीटरच्या किंचित वर, आणि ती 18 च्या घड्याळात काही केल्या शिरत नाही.

माझी चेन 18 ची आणि घड्याळ 20 चं. आम्हा गझल लिहिणाऱ्यांना दोन मात्रा कमी पडण्याची सवय असते, भरीचा एखादा शब्द घालून ओळ निभावून नेतो. इथंही तसंच करता येतं. चेन अरुंद असेल तर 20 ची पिन घ्यायची, ती चेनच्या टोकाच्या नळीतून घालायची आणि दोन्ही बाजूंना एकेक मिलिमीटर लांबीची बारीक नळी सरकवायची. अशा नळ्या घड्याळाच्या सामानाच्या दुकानात मिळतात, नाहीतर कारागीर पितळेच्या नळीतून कापून देतो. त्या न घालता नुसती चेन अडकवली तर ती पिनेवर डावी-उजवीकडं सरकत राहते, आणि पिन झिजते. फट थोडी दिसते. दिसू दे.

चेन रुंद असेल तर मात्र सोपा उपाय नाही. एका दुकानात मला सांगितलं होतं, की काही अडचण आली तर कानस लावू, पाच मिनिटांत बसवून देऊ. असं कोणी म्हटलं तर चेन उचलून बाहेर पडावं, हे माझं स्पष्ट मत आहे. पिन आणि नळी पुन्हा आणता येते, घासलेली चेन आणि घासलेले कान पुन्हा भरून येत नाहीत. बदल करायचाच तर बाजारात परत मिळणाऱ्या भागात करावा.

चेनच्या टोकाचा आकारही बघावा लागतो. काही चेन सरळ टोकाच्या असतात, त्या कुठल्याही घड्याळाला चालू शकतात. काहींचं टोक घड्याळाच्या गोलाईला चिकटून बसेल असं कमानदार केलेलं असतं. ती कमान एका विशिष्ट घड्याळासाठीच असते. दुसऱ्या घड्याळाच्या गोलाईशी तिची वक्रता जुळली नाही, किंवा पिनेचं भोक केसपासून कमी-जास्त अंतरावर असलं, तर एकतर ती मध्ये उघडी राहते किंवा केसवर दाबून ओरखडे पाडते. जुनी टोकं पातळ पत्र्याची, आतून पोकळ असतात. पकडीनं वाकवायचा मोह होतो, पण पत्रा दोन-तीनदा वाकला की चिरतो.

आता पिन. सगळा भार हिच्यावर. ही एक बारीक नळी असते, आत स्प्रिंग, दोन्ही टोकांना दबणारी बोंडं. ही बोंडं कानांच्या भोकात बसतात. साधी पिन दीड मिलिमीटर जाड असते, आजच्या भारी घड्याळांत 1.8 ची किंवा त्याहून जाड वापरतात. जुन्या चेनच्या नळीत जाड पिन शिरत नाही. मग बारीक पिन घालतात, आणि तिची बोंडं नव्या घड्याळाच्या मोठ्या भोकात सैल बसतात. रोज थोडी हलतात आणि एक दिवस निसटतात. तेव्हा आपण बसच्या दांड्याला धरून उभे असतो. म्हणून अंग बारीक पण बोंड भोकाला भरून बसणारं अशी पिन शोधावी लागते. मला ती तिसऱ्या दुकानात मिळाली. बसवल्यावर चेन धरून घड्याळ चांगलं ओढून पाहावं, आणि तेही गादीवर.

हे एवढं सांगतो त्याचं कारण वजन. ओळखीच्या सराफाच्या काट्यावर मी दोन्ही घड्याळं चेनशिवाय ठेवून पाहिली. अब्बांचं चावीचं घड्याळ 34 ग्रॅम, नवं 72. जी चेन तेवढ्याशासाठी बनली होती, तिला आता दुपटीहून जास्त ओझं उचलायचं होतं. ती उचलेल का, हे कळायला चेन आडवी, म्हणजे कडेवर उभी धरून एका टोकानं हवेत सोडावी. कमी झिजलेली चेन जवळपास सरळ राहते, फार झिजलेली मळ्यातल्या दोडक्यासारखी लोंबते. लोक म्हणतात चेन ताणली गेली. पोलाद काही ताणलं जात नाही. घाम आणि धूळ मिळून कड्यांच्या सांध्यात खरखरीत लगदा होतो, तो पिना आणि भोकं कुरतडत राहतो. थोडं लोंबणं चालेल, फार असेल तर ती चेन हलक्या घड्याळासाठी राखावी.

म्हणून आधी धुणं. कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, जुना मऊ दातब्रश, आणि नंतर पूर्ण वाळवणं. अब्बांची चेन धुताना वाटीत काळा गाळ उतरला आणि त्यात बारीक तंतू होते. मिलमधला कापूस. ते पाणी मी लगेच ओतलं नाही.

धुतल्यावर चेनची आतली बाजू निरखावी. पिवळा रंग डोकावत असेल तर ती स्टीलची नाही, पितळेवर मुलामा दिलेली आहे. तिचा हिरवट डाग मनगटावर उमटतो, आणि मुलाम्याखालच्या निकेलनं कित्येकांना खाज सुटते. अशी चेन रोज घालू नये.

ओढली की लांबणाऱ्या स्प्रिंगच्या चेनबद्दलही विचारणा होते. अमेरिकेतल्या स्पायडेल कंपनीची ट्विस्ट-ओ-फ्लेक्स 1959 साली आली, आणि ती पिळून गाठ मारता येते अशी तिची ख्याती होती. आपल्याकडच्या जुन्या माणसांना त्या जातीची चेन सोयीची वाटे. वजू करताना ती कोपराकडं सरकवली की झालं, लॉक उघडायला नको. हातावरचे केस उपटते, एवढाच तिचा दोष. पण तिची स्प्रिंग सैल झाली असेल तर जड घड्याळ मनगटावर गरगर फिरतं.

लॉकच्या चेनचं लॉक मात्र दहा-वीस वेळा उघडून-लावून बघा. टक असा आवाज यायला हवा. कडी कमी करायची असेल तर आतल्या बाजूला बाण असतात, बाणाच्या दिशेनं पिन बाहेर काढायची आणि उलट दिशेनं परत घालायची. काढलेल्या कड्या टाकू नका. उन्हाळ्यात मनगट फुगतं, आणि पुढं ती चेन कुणाच्या मनगटावर जाणार हे आज कुणाला ठाऊक?

कानांतल्या पिना वर्षातून एकदा बदलाव्यात, चेन कितीही चांगली दिसत असली तरी. जोडी फार महाग नसते. मी रमजान ईदच्या आधी बदलतो, म्हणजे लक्षात राहतं.