तोफेच्या पुढे, फोटोच्या बाहेर

९ नोव्हेंबर २०१८ ला देवळालीत तोफखान्यात तीन गोष्टी दाखल झाल्या. मथळ्यांत मिरवल्या दोन: अमेरिकन एम-७७७ आणि मूळची कोरियाची के-९ वज्र. तिसरी होती अशोक लेलँडची तोफ ओढणारी गाडी. गंमत अशी की एम-७७७ हेलिकॉप्टरला टांगूनही नेता येते आणि वज्र स्वतःच्या पट्ट्यांवर पळते. म्हणजे जिला गाडीचं अडत नाही, तिचेच फोटो आले.

जिचं अडतं ती बोफोर्स. मार्च १९८६ मध्ये ४१० तोफांचा करार झाला आणि त्यांना ओढायला स्वीडनच्याच स्कॅनिया गाड्या आल्या. साधारण बारा टनांची तोफ मागे, आणि गाडीत तोपची, गोळे, जाळ्या, वळकट्या, चहाचं भांडं असा सगळा संसार. अकरा लिटरचं टर्बो डिझेल इंजिन, सहाही चाकांना ताकद आणि वर ऑटोमॅटिक गिअर! तोवर आपल्या ड्रायव्हरांचा डावा पाय जबलपूरच्या शक्तिमानच्या क्लचवर घडलेला. देवळालीच्या निवृत्त मंडळींत बसलं की एक किस्सा हमखास निघतो. नव्या ड्रायव्हरचा डावा पाय सवयीनं क्लच शोधायचा आणि दणकन ब्रेकवर पडायचा. मागे बसलेले सगळे एकमेकांच्या अंगावर. शेवटी उस्ताद कडाडले, "डावा पाय सीटखाली घे, नाहीतर दोरीनं बांधून ठेवतो!" दोरी खरंच आणली की नाही, यावर अजून एकमत नाही.

या जोडीची खरी खुबी चिखलात दिसायची. बोफोर्सला स्वतःचं छोटं इंजिन असतं. गाडी रुतली की ड्रायव्हर केबिनमधूनच ते कामाला लावायचा, आणि मग मागून तोफेची चाकंही जोर लावायची. वेग माणसाच्या भरभर चालीपेक्षा थोडा जास्त, पण सुटका व्हायची. जड ओझंच ओढणाऱ्याला हात देतं, असं वाहनांच्या जगात फारसं घडत नाही.

१९९९ च्या कारगिल युद्धात द्रासच्या रस्त्यावर शत्रूची वरून नजर होती. ताफे रात्री, दिवे मालवून निघायचे. एका हाताला डोंगर, दुसऱ्या हाताला दरी, मागे बारा टन. टोलोलिंगवर आणि टायगर हिलवर बरसलेल्या तोफा सगळ्यांनी टीव्हीवर पाहिल्या. त्या तिथवर आणणारे ड्रायव्हर कुणी पाहिले?

तोवर सुट्या भागांची बोंब सुरू झालीच होती. १९८७ च्या लाचप्रकरणानंतर बोफोर्स कंपनीशी व्यवहार तुटले आणि एक तोफ उघडून दुसरी चालवायची वेळ आली. गाड्याही म्हाताऱ्या होत गेल्या. तरी बदली यायला तीन दशकं लागली. इतका उशीर मला तरी समर्थनीय वाटत नाही. नवी तोफ घ्यायची म्हटलं की संसदेत चर्चा होते, गाडीसाठी कोण आवाज चढवणार?

जुलै २०२३ मध्ये अशोक लेलँडला चारचाकी आणि सहाचाकी अशा तोफ ओढणाऱ्या गाड्यांची ८०० कोटींची कामं मिळाली. नव्या गाडीचं कौतुक ऐकून एका जुन्या तोपच्यानं अश्वशक्ती विचारलीच नाही. त्यानं एवढंच विचारलं, "सामान कुठून येणार?" चेन्नईची कंपनी आहे म्हटल्यावर तो म्हणाला, "मग ठीक."