विश्लेषण : ग्राहकच मालक असलेली वीजसंस्था वर्षभर करते काय?

वीज कंपनीकडून घरी काय येते? बिल. अमेरिकेच्या ग्रामीण भागात मात्र काही घरांत धनादेशही येतो. कारण तिथे वीज देणारी कंपनी नसून सहकारी संस्था असते आणि मीटर ज्याच्या नावावर, तो तिचा सभासद. निर्मिती आणि वितरण मिळून अशा सुमारे ९०० संस्था चार कोटींहून अधिक लोकांपर्यंत वीज पोहोचवतात.

शेतकऱ्यांनी तारा का ओढल्या?

१९३०च्या दशकाच्या मध्यात अमेरिकी शहरांत दहापैकी नऊ घरांत वीज होती, शेतांवर दहापैकी जेमतेम एका घरात. मैलभर तार ओढायची आणि तिच्यावर ग्राहक दोन-तीन, हा धंदा खासगी कंपन्यांना परवडत नव्हता. १९३५ मध्ये अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ग्रामीण विद्युतीकरणासाठी स्वतंत्र यंत्रणा उभारली, पुढच्याच वर्षी कायदा झाला. सरकारने स्वस्त कर्ज दिले, संस्था गावकऱ्यांनी काढल्या. आजही त्यांच्या तारांवर मैलाला सरासरी आठच्या आसपास ग्राहक असतात. म्हणजे तेवढ्याच खांब-तारांचा खर्च शहरापेक्षा खूप कमी बिलांवर पडतो.

धनादेश कसला?

आपल्याकडे दूध संघ दिवाळीला दरफरक देतो, काहीसे तसेच. वर्षाचा खर्च भागून उरलेली रक्कम प्रत्येकाने किती वीज वापरली त्या प्रमाणात त्याच्या नावे जमा होते. पण ती लगेच हातात पडत नाही. नव्या तारा, ट्रान्सफॉर्मर यांसाठी संस्था ती अनेक वर्षे, कधी कधी वीस-पंचवीस वर्षेही, भांडवल म्हणून वापरते आणि मग टप्प्याटप्प्याने परत करते. गाव सोडून गेलेल्या सभासदांचा पत्ता शोधत बसणे हेही त्यामुळे कार्यालयाचे एक नेहमीचे काम!

बाकीचे वर्ष तारांवर आलेल्या फांद्या तोडण्यात, खांब बदलण्यात आणि वादळानंतर वीज परत आणण्यात जाते. मोठे चक्रीवादळ आले, की दुसऱ्या राज्यांतल्या संस्थांचे वायरमन गाड्या घेऊन मदतीला पोहोचतात. वार्षिक सभेला जेवण, लकी ड्रॉ असतो. एका सभासदाला एकच मत. तरीही अनेक संस्थांत दहा टक्के सभासददेखील मतदान करत नाहीत. मालकी कागदावर राहते ती अशी.

गावासाठी काय?

साउथ कॅरोलिनातील पाल्मेटो इलेक्ट्रिक या संस्थेने १९८९ मध्ये एक साधी कल्पना काढली. बिल पुढच्या पूर्ण डॉलरपर्यंत वाढवायचे आणि वरचे सेंट गरजूंच्या निधीत टाकायचे. एका बिलावर जास्तीत जास्त ९९ सेंट, म्हणजे वर्षाला फार तर ११ डॉलर ८८ सेंट. ही पद्धत पुढे इतर अनेक संस्थांनी उचलली.

मग महाराष्ट्रात का टिकले नाही?

हा प्रयोग आपल्याकडेही झाला. १९६०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी तज्ज्ञांच्या सल्ल्याने भारतात पाच ग्रामीण वीज सहकारी संस्था ठरल्या. त्यातली एक अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील मुळा-प्रवरा. ती वीज मंडळाकडून घाऊक वीज घेई आणि गावांना विके. पण तिच्या विजेचा मोठा हिस्सा शेतीपंपांना जाई. कृषी दर कमी, वसुली त्याहून कमी. घाऊक विजेची थकबाकी वाढत गेली. आमचे ग्राहक प्रामुख्याने शेतकरी, तेव्हा आम्हाला लावलेला दरच जास्त आहे, असे संस्थेचे म्हणणे होते. हा वाद वर्षानुवर्षे चालला. अखेर ३१ जानेवारी २०११ रोजी परवान्याची मुदत संपली आणि पुरवठा महावितरणकडे गेला.

मैलाला आठ ग्राहक असूनही अमेरिकी संस्था तगल्या, त्यामागे वसूल होणारे बिल आहे. मुळा-प्रवराच्या सभासदाकडे मालकी होती, पण विजेचा दर त्याच्या संस्थेच्या हातात नव्हता.

त्या पाचांपैकी तेलंगणातील सिरसिल्ला आणि बेळगाव जिल्ह्यातील हुक्केरी येथील संस्था आजही वीज वितरण करतात. हुक्केरीत तर संचालक मंडळाच्या निवडणुकीत जिल्ह्यातील बडी राजकीय घराणी उतरतात.