मांडलेले आणि यथादृष्ट छायाचित्र : श्रीवर्धनच्या संदर्भात

छायाचित्रणात विषयाची मांडणी करून तो टिपणे आणि विषय जसा आढळला तसा टिपणे, असे दोन दृष्टिकोन मानले जातात. पहिल्यास कृत्रिम व दुसऱ्यास सत्य म्हणणे मात्र पुरेसे नाही. १९१९ च्या जालियनवाला बाग हत्याकांडानंतर ना. वि. विरकर यांनी घेतलेल्या छायाचित्रांत भिंतीवरील गोळ्यांच्या खुणांकडे निर्देश करणाऱ्या व्यक्ती दिसतात. त्यांचे उभे राहणे योजलेले आहे. खुणा मूळच्या आहेत. येथे मांडणी पुराव्याकडे लक्ष वेधते, पुरावा निर्माण करीत नाही.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन परिसरातील नारळी-पोफळीच्या बागांची मोठी हानी केली. अशा वेळी पंचनाम्यास छायाचित्राची जोड महत्त्वाची असते. उन्मळलेल्या पोफळीजवळ बागायतदारास उभे केल्यास झाडाच्या आकाराची कल्पना येते. परंतु दोन बागांतील झाडे एकत्र रचल्यास नुकसानीचे चित्रच बदलते. उलट, काहीही न हलवता केवळ चौकटीच्या निवडीने उभी राहिलेली झाडे वगळता येतात. म्हणून मांडणी झाली की नाही, यापेक्षा छायाचित्रकाराच्या निवडीने कोणते तथ्य बदलले, हा प्रश्न अधिक मूलभूत ठरतो. स्थळ, दिनांक आणि केलेले बदल यांची प्रामाणिक नोंद, हीच छायाचित्राच्या विश्वासार्हतेची कसोटी होय.